जर्मनचं पहिलं थीम-युनिट आखताना: खरेदीची यादी आणि 20 युरो

नव्यानं जर्मन शिकवायला लागलेले बरेच जण ए1च्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, वर्गासाठी ‘खाणंपिणं’ ही थीम घेतात, आणि युनिट तिथंच पसरट होतं. फळं, भाज्या, न्याहारी, हॉटेल, पाककृती असं सगळं थोडं थोडं होतं आणि धड काहीच होत नाही. शेवटी विद्यार्थी काय करून दाखवणार, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. उदाहरणार्थ, ‘दोघांच्या दोन दिवसांच्या जेवणाचं सामान 20 युरोत, दुकानदाराशी जर्मनमध्ये बोलून आणायचं.’ हे वाक्य आधी लिहा. शब्द, व्याकरण, साहित्य यांची निवड त्यावरूनच ठरते.

दीड-दीड तासाची सहा सत्रं धरा. शेवटचं अख्खं सत्र या कामासाठी आधीच राखून ठेवा, कारण व्याकरण लांबलं की गदा त्याच्यावरच येते.

शब्द एका सत्रात आठ-दहाच नवे द्या, तेही आर्टिकल (नामाआधी येणारा, लिंग दाखवणारा छोटा शब्द) आणि अनेकवचनासकट. तीन लिंगं असतात हे मराठी मुलांना समजवावं लागत नाही. पण ती जुळतीलच असं नाही. सफरचंद नपुंसकलिंगी, तर ‘आप्फेल’ पुल्लिंगी. वहीत सुटा शब्द लिहिला गेला की पुढे प्रत्येक वाक्य अडतं.

सगळ्यात जास्त डोकं शब्द निवडताना लावा. या युनिटचं व्याकरण म्हणजे अक्कुझाटिव (कर्माची विभक्ती), आणि तिथे रूप बदलतं ते फक्त पुल्लिंगी एकवचनाचं: ‘आइन’चं (एक) ‘आइनेन’. यादीत बनाने (केळं), टोमाटे (टोमॅटो), कार्टोफेल (बटाटा), गुर्के (काकडी) असे स्त्रीलिंगी शब्दच भरले, तर मुलं तासभर बरोबर बोलतील आणि अक्कुझाटिवचं बदललेलं रूप एकदाही वापरलं जाणार नाही. राइस (तांदूळ) आणि केझं (चीज) पुल्लिंगी असले तरी इथे उपयोगाचे नाहीत, कारण ते वजनावर मागतात आणि तिथे ‘आइनेन’ लागतच नाही. म्हणून नगावर घ्यायच्या पुल्लिंगी वस्तू मुद्दाम घाला: आप्फेल, सालाट (सॅलडचा गड्डा), ब्लूमेनकोल (फ्लॉवर), योगुर्ट (दही), कूखेन (केक). पाच पुरतात. नियम दहा मिनिटांत सांगून टाका. तो पक्का होतो मागण्या करताना.

आकड्यांना मात्र पूर्ण एक सत्र द्या. पंचवीस म्हणजे आधी पाच, मग वीस, हा क्रम जर्मनमध्येही तोच असल्यामुळे आपल्या मुलांना तो लवकर जमतो. पण सुपरमार्केटच्या किमती बऱ्याचदा 1,49 किंवा 2,29 अशा नवावर संपतात, आणि नेमकं तिथे मराठीत एकोणपन्नास, एकोणतीस असं म्हणतात. जर्मनमध्ये तिथेही नऊ आणि चाळीस, नऊ आणि वीस. श्रुतलेखनात हेच आकडे पुन्हा पुन्हा घ्या.

साहित्य म्हणून जर्मन सुपरमार्केटची साप्ताहिक जाहिरातपत्रकं वापरा. लिडल, रेवे यांची नेटवर मिळतात. दशांशाच्या जागी स्वल्पविराम, प्रतिकिलो दर, ‘100 ग्रॅमला’ असा भाव, हे सगळं खरं खरं दिसतं. पाण्याच्या सहा बाटल्यांच्या किमतीखाली बारीक अक्षरात 1,50 युरो ‘प्फांट’ असतं, म्हणजे बाटलीमागे 25 सेंट अनामत. हे आधी सांगू नका. मुलांची बेरीज बिलाशी जुळली नाही की ती स्वतःच विचारतात, आणि बाटल्या परत करण्याची पद्धत मग दोन मिनिटांत समजते. वेगळ्या ‘संस्कृती’च्या स्लाइड्स लागत नाहीत.

संवाद पाठ करून म्हणून दाखवला, तर काम झालं असं धरू नका. ग्राहकाकडे यादी आणि पैसे, दुकानदाराकडे भाव आणि साठा. एकाचा कागद दुसऱ्यानं पाहायचा नाही. दुकानातल्या दोन वस्तू संपलेल्या ठेवा. मग ‘लायडर निश्त’ (दुर्दैवानं नाही) ऐकल्यावर पर्याय मागावाच लागतो, आणि त्या क्षणी कोणाला भाषा येते ते कळतं.

गुण तीनच गोष्टींना द्या: सामान मिळालं का, किंमत नीट ऐकली का, आणि ‘आइनेन’ जागेवर आलं का. उच्चार अडखळला पण समोरच्याला कळला, तर गुण कापू नका. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा-संस्थेच्या ए1 तोंडी परीक्षेत विषय आणि शब्द छापलेल्या कार्डांवरून प्रश्न विचारायचे असतात. तशी चार-पाच कार्डं याच शब्दांची करून पुढच्या युनिटच्या पहिल्या पंधरा मिनिटांत घ्या.