राणी रंगाची बोगनवेल आणि केशरी झेंडू

कोथरूडच्या आमच्या गच्चीत राणी रंगाच्या बोगनवेलीला खेटूनच केशरी झेंडूच्या कुंड्या होत्या. दोन्ही भरभरून फुलायची, पण एकत्र बघितली की डोळ्यांना खुपायची. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात एका वाफ्यापाशी बराच वेळ रेंगाळले, तेव्हा उलगडा झाला: दोन भडक रंगांच्या मधे पांढरा होता.

घरी येताच झेंडू पार दुसऱ्या टोकाला, निळ्या गोकर्णीच्या वेलाशेजारी हलवला. केशरी आणि निळा रंगचक्रात समोरासमोर, म्हणून एकमेकांना उठाव देतात. बोगनवेलीपाशी फिकट गुलाबी सदाफुली आणि मधे पांढरी तगर. बोगनवेलीचा रंग खरं तर पाकळ्यांचा नव्हे, कागदासारख्या पातळ पानांचा. तो खूप टिकतो, म्हणून आधी तिची जागा ठरवावी. तगर मात्र दिवेलागणीलाही उजळ दिसते. म्हणून आईला पूजेसाठी तिची खालच्या फांद्यांवरचीच फुलं तोडायला सांगितलंय.