प्रोटीनच्या उत्क्रांतीवर काम करायचंय? आधी इन्सुलिन उघडा

पीएचडीच्या मुलाखतीत ‘महत्त्वाची प्रोटीन्स हळू बदलतात’ असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: महत्त्व मोजणार कसं? तिथे बरेच जण गडबडतात. उत्तर पाठ करून सुटत नाही, सिक्वेन्स, म्हणजे प्रोटीनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम, उघडून बघावे लागतात.

माझ्याकडे नवीन विद्यार्थी आला की मी त्याला अभ्यासाला इन्सुलिन देते. युनिप्रोट या प्रोटीनच्या डेटाबेसवरून माणूस, डुक्कर आणि गाय यांचं प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचं कापण्याआधीचं रूप) घ्या, क्लस्टल ओमेगा या सिक्वेन्स एकाखाली एक जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये टाका. ज्यांचं इन्सुलिन बनतं त्या ए आणि बी साखळ्या जवळपास सारख्याच दिसतील. माणूस आणि डुक्कर यांच्यात तर फक्त बी साखळीचं शेवटचं, ३०वं अमिनो आम्ल वेगळं आहे. मधला सी-पेप्टाइड मात्र भलताच बदललेला. माणसात त्याची लांबी ३१, गाईत २६. इन्सुलिन तयार होताना हा तुकडा कापला जातो, पेशीवरच्या रिसेप्टरला (इन्सुलिनचा संदेश घेणाऱ्या प्रोटीनला) चिकटायचं काम त्याच्याकडे नाही. जनुक एकच, पण वेग दोन! उंदीर घेणार असाल तर जपून, त्याच्याकडे इन्सुलिनची दोन जनुकं आहेत. तुलनेला इन्स-२ घ्यायचं.

उलट हिस्टोन एच-४ बघा, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीन्सपैकी एक. वाटाणा आणि गाय यांच्यात १०२ पैकी दोनच जागा वेगळ्या. डीएनए आणि इतर हिस्टोन्स त्याला चहूबाजूंनी धरून असतात, हलायला जागाच नाही.

इथवर सगळं सरळ वाटतं. पण हर्स्ट आणि स्मिथ यांनी १९९९ साली उंदरांची जनुकं तपासली, तेव्हा रोगप्रतिकाराची जनुकं वगळल्यावर अत्यावश्यक आणि इतर जनुकांच्या वेगात फरक उरला नाही. २००१ साली यीस्टमध्ये दिसलं की जी प्रोटीन्स पेशी भरमसाट बनवते, ती हळू बदलतात. ड्रमंड आणि विल्की यांचं स्पष्टीकरण असं: भाषांतरात, म्हणजे जनुकाच्या संदेशावरून प्रोटीन बनताना, चुका होतातच, आणि चुकीची घडी पडलेलं प्रोटीन पेशीला बाधतं. प्रती जितक्या जास्त, तितका भुर्दंड मोठा. म्हणून अशा प्रोटीनची रचना चुका सोसूनही नीट घडी पडेल अशी टिकवली जाते. मला हे पटतं, पण यीस्टचा नियम सस्तन प्राण्यांना जसाच्या तसा लावू नका. तिथे जनुक कोणत्या ऊतीत चालतं हेही बघावं लागतं. मेंदूत चालणारी जनुकं साधारणपणे संथ असतात.

डीएन/डीएस, म्हणजे अमिनो आम्ल बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या डीएनए-बदलांच्या दरांचं गुणोत्तर, काढायला पीएएमएल हा प्रोग्राम आहेच. मात्र फार दूरच्या प्रजाती घेतल्या तर डीएस संपृक्त होतो (एकाच जागी वारंवार बदल झाल्याने खरी संख्या मोजता येत नाही) आणि आकडा निरर्थक निघतो. अलाइनमेंट (सिक्वेन्सची जुळणी) डोळ्यांनी तपासल्याशिवाय प्रोग्राम चालवू नका. चुकीच्या जागी पडलेली एक गॅप (जुळणीतली रिकामी जागा) खोटी ‘वेगवान उत्क्रांती’ दाखवतं.