पेलेटच्या शेगडीचा धूर कमी करायचा तर

आईला दमा आहे, म्हणून शेगडीकडे माझं बारीक लक्ष असतं. लाकडाच्या ओंडक्यांपेक्षा पेलेट्स, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, स्वच्छ जळतात हे खरं, पण त्यांचाही धूर होतोच. त्यातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण थेट फुफ्फुसात खोलवर उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वर्षभराची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली, इतके ते घातक.

सर्वाधिक धूर होतो तो पेटवताना आणि विझवताना, कारण आतली भट्टी तापलेली नसते आणि लाकडातले वायू पुरते जळत नाहीत. म्हणून खोली उबदार झाली की बंद, गारठली की चालू, असं करू नका. रात्रभर अगदी मंद धुमसत ठेवणंही तितकंच वाईट. मी एकदा पेटवते आणि मध्यम आचेवर सलग चालवते. वारा पडलेला असेल, धुकं खाली बसलं असेल, तर दुसरी सोय असताना पेटवतच नाही.

आता जळणाची वाटी. तिच्या तळाच्या छिद्रांतून हवा वर येते. ती बुजली की धूर झालाच म्हणून समजा. एकदा चार दिवस मी ती साफ केली नाही. पाचव्या दिवशी दुपारपर्यंत काच काळीकुट्ट, ज्योत लालसर आणि सुस्त. वाटी उचलून पाहिली तर तळाला राख वितळून सुपारीएवढे खंगर चिकटलेले, निम्मी छिद्रं बंद. खरवडून, एकेका छिद्रातून तार फिरवून पुन्हा पेटवली, तेव्हा ज्योत पिवळीधमक, नाचरी झाली. तेव्हापासून रोज सकाळी, शेगडी पूर्ण गार झाल्यावर, हे काम आधी.

पेलेट्स घेताना पिशवीच्या तळाशी भुगा किती आहे ते बघा. ओल १० टक्क्यांच्या आत हवी. ए१ या सर्वात वरच्या प्रतीत राख ०.७ टक्क्यांपुढे जात नाही. फुगलेल्या, ठिसूळ पेलेट्स जाळू नका. रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवूडचे तुकडे तर कधीच नाही.

शेगडीच्या दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर दोरीसारखी सीलपट्टी बदलायला झाली. धुराडं वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून साफ करून घ्या.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म लावाच. पेलेट्सच्या मोठ्या, बंद साठ्यातही हा वायू साचतो. तिथे हवा खेळती ठेवा. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून घराबाहेर ठेवा, आतले निखारे दिवसभरानंतरही जिवंत असू शकतात. साध्या व्हॅक्यूमने ती ओढू नका, बारीक राख मागून पुन्हा खोलीत येते.

पेटवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी मी बाहेर जाऊन धुराड्याकडे बघते. नुसती गरम हवा थरथरताना दिसली तर ठीक. निळसर किंवा काळा धूर असेल, तर शेगडी बंद करून पुन्हा वाटीपासून तपासायला घेते.