टिक मारण्याआधी: आर्टिकलशिपचं पहिलं वर्ष

११ जुलै २०२४ ला सीए इंटरचा, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेचा, निकाल लागला, दोन्ही ग्रुप निघाले, आणि १ ऑगस्टला मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सीए ऑफिसात आर्टिकल म्हणून, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणारी विद्यार्थिनी म्हणून, रुजू झाले. त्याआधी बिबवेवाडीच्या आयसीएआय (सीएंची संस्था) भवनात पंधरा दिवसांचं आयटी आणि पंधरा दिवसांचं ओरिएंटेशन ही प्रशिक्षणं उरकून घेतली होती. ती बाकी असतील तर आधी तीच करा, कारण त्याशिवाय आर्टिकलशिप सुरूच होत नाही. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. म्हणजे शिकायला वेळ कमी आहे, आणि पहिलं वर्ष नुसतं ऑफिस समजून घेण्यात घालवणं परवडत नाही.

ऑफिस निवडताना मी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. एका ठिकाणी सांगितलं गेलं, "कागदावर नाव राहील, तू घरी बसून फायनलचा अभ्यास कर." याला डमी आर्टिकलशिप म्हणतात. ती नियमात बसत नाही, हे तर आहेच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे: बिल हातात न धरता ऑडिटचा पेपर लिहिणारा माणूस उद्या कुणाच्या तरी ताळेबंदावर सही करणार असतो. नाही म्हणा. मुलाखतीत स्टायपेंडच्या आधी तीन गोष्टी विचारा. इथे कोणकोणत्या प्रकारची ऑडिट असतात? आर्टिकल किती आहेत? आणि माझं काम कोण तपासणार? मी सध्याचं ऑफिस तिसऱ्या उत्तरासाठी घेतलं. इथले सीए सर म्हणाले होते, "प्रत्येक फाइल आधी सिनिअर बघते, मग मी बघतो."

पहिले पाच आठवडे फक्त व्हाउचिंग, म्हणजे वहीतली प्रत्येक नोंद बिलाशी ताडून बघणं. हिरव्या पेनाने टिक मारत जायचं. चौथ्या दिवशी मी एका व्यापारी फर्मची खर्चाची अख्खी फाइल दुपारपर्यंत संपवली आणि अभिमानाने ताईच्या टेबलावर ठेवली. ती आमची सिनिअर, आर्टिकलशिपच्या शेवटच्या टप्प्यात होती. तिने फाइल उघडून मधलंच एक बिल काढलं आणि विचारलं, "हे कुणाचं बिल आहे?" बिल बरोबर होतं, रक्कम टॅलीतल्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या) नोंदीशी जुळत होती, तारीख त्याच वर्षातली होती. फक्त बिलावरचं नाव आणि जीएसटी नंबर मालकाच्या दुसऱ्या फर्मचा होता. खर्च या फर्मच्या वहीत पडला होता आणि त्यावरचं इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं होतं. मी रक्कम बघून टिक मारली होती. ताई रागावली नाही. तिने सगळ्या टिक खोडायला लावल्या आणि फाइल पहिल्या पानापासून परत करायला दिली.

तेव्हापासून मी प्रत्येक बिलाला त्याच क्रमाने विचारते: कुणाला दिलंय, कशासाठी, कधी, कुणी मंजूर केलंय, पैसे कसे गेले. पैसे रोख गेले असतील तर एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांच्या वर गेलेत का, हेही बघायचं, कारण तसा खर्च आयकरात नामंजूर होतो. पाठ केलेलं कलम आणि समोरची पाच हजार, सहा हजारांची एकाच तारखेची दोन व्हाउचर यांची गाठ पहिल्यांदा पडते, तेव्हा अभ्यास खऱ्या अर्थाने कळतो.

सप्टेंबर म्हणजे टॅक्स ऑडिट, आयकर कायद्याखाली होणारं हिशेबांचं ऑडिट. ३० सप्टेंबरची ड्यू डेट त्या वर्षी ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली, पण वाढल्याचं कळेपर्यंत आम्ही रात्री नऊ-दहापर्यंत थांबतच होतो. आयकर कायद्याचं ४३बी(एच) हे कलम लागू झाल्यानंतरचा तो पहिलाच हंगाम. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली आणि लेखी करार नसताना १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे देणार त्या वर्षीच मान्य होतो. वाचायला हे दोन ओळींचं आहे. करायला घेतलं तेव्हा एका क्लायंटचे ३१ मार्चला बाकी असलेले दीडेकशे सप्लायर निघाले, आणि त्यातले सूक्ष्म-लघु कोण, हे क्लायंटलाच ठाऊक नव्हतं.

मग फोन. प्रत्येक सप्लायरला उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, मागायचं. बरेच जण संशयाने विचारायचे, "कशाला पाहिजे?" एका वर्कशॉपच्या मालकांना मी सगळं समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे ताई, माझे पैसे वेळेत मिळावेत म्हणून हा कायदा आहे? मग पाठवतो की!" त्यांनी दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर प्रमाणपत्र पाठवलं. ते प्रमाणपत्र उघडल्यावरही काम संपत नाही. नोंदणी फक्त व्यापारी म्हणून असेल तर ही तरतूद लागत नाही, उद्योग मध्यम वर्गात असेल तरी लागत नाही. एक्सेलमध्ये बिलाची तारीख, स्वीकारल्याची तारीख, शेवटचा दिवस आणि प्रत्यक्ष पैसे दिल्याचा दिवस असे रकाने करून मी ती यादी लावली. माझ्या हातून झालेलं आणि जवळजवळ जसंच्या तसं रिपोर्टपर्यंत पोचलेलं हे पहिलं काम. एक्सेलचं व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल आधीच शिकून या. अशा कामात त्यामुळे अख्खे दिवस वाचतात.

याशिवाय सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांची ऑडिट असतात. नव्या आर्टिकलना ती कंटाळवाणी वाटतात, पण इथे छोट्या हिशेबात सगळं ऑडिट बघायला मिळतं: सभासदांची नोंदवही, इतिवृत्त, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेला निधी) वेगळा गुंतवलाय का, बिनभोगवटा शुल्क (सभासदाने फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या आत आहे का. आणि खजिनदार बहुधा निवृत्त काका असतात. त्यांनी विनामोबदला, मन लावून हिशेब ठेवलेला असतो. त्यांच्याशी बोलताना आवाज नीट ठेवा.

३१ मार्चला भोसरीच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत स्टॉक मोजणीला गेलो. सकाळी पहिलं काम म्हणजे शेवटच्या माल-पावतीचा आणि शेवटच्या विक्री बिलाचा नंबर लिहून घेणं, म्हणजे मोजणीच्या इकडचा माल तिकडे जात नाही. मग यादीतून काही नग निवडून रॅकवर शोधायचे, आणि रॅकवरचे काही नग निवडून यादीत शोधायचे. एकाच बाजूने तपासलं तर अर्धंच कळतं: यादीतून गेलो तर नसलेला माल सापडतो, रॅकवरून गेलो तर लपलेला. छोटे कास्टिंग हजारोंनी असतात, ते मोजत बसत नाहीत. थोडे नग मोजून वजन करतात, एका नगाचं वजन काढतात आणि एकूण वजनाला भागतात. कोपऱ्यात एक मोठा ढीग होता, यादीत कुठेच नाही. स्टोअरच्या दादांनी सांगितलं की तो ग्राहकाचा माल आहे, फक्त मशीनिंगसाठी आलाय. तो कंपनीचा स्टॉक नाही. मी त्या मालासोबत आलेलं डिलिव्हरी चलान मागून घेतलं आणि त्याचा नंबर वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे ऑडिटच्या नोंदींच्या कागदात, लिहिला. तोंडी उत्तर खरं असलं तरी कागद बघायचाच. त्या दिवशी जाड तळाचे बूट घाला आणि पाण्याची बाटली न्या.

आणि मग एप्रिलची बँक ऑडिट. वर्षातले सगळ्यात दाट पंधरा दिवस. आमच्याकडे ग्रामीण भागातली एक शाखा होती. सर्वसाधारण कर्ज ९० दिवसांच्या वर थकलं की एनपीए (अनुत्पादक, थकीत कर्ज) होतं, पण पीककर्जाला तो नियम नाही. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, एक वर्षाहून जास्त मुदतीच्या पिकाला एक हंगाम थकबाकी राहिली की खातं एनपीए होतं. म्हणजे पीक कोणतं, यावर सगळं अवलंबून. मी कराडकडची. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

एका खात्याच्या कर्जप्रकरणात पीक ऊस लिहिलं होतं, त्याच हिशेबाने मुदत धरली होती. फाइलमधल्या सात-बारावर पीकपाहणीच्या रकान्यात मात्र सोयाबीन होतं. सोयाबीनच्या हिशेबाने मोजलं तर खातं केव्हाच एनपीए व्हायला हवं होतं. मी घाबरत घाबरत सरांना सांगितलं. ते म्हणाले, "क्वेरी लिही. दोष लावू नकोस, प्रश्न विचार." मी लिहिलं: कर्जप्रकरणात पीक ऊस, सोबतच्या सात-बारावर सोयाबीन, कृपया चालू पिकाचा पुरावा द्यावा.

मॅनेजर साहेबांनी दुसऱ्या दिवशी नवा सात-बारा काढून आणला. ऊस. फाइलमधला उतारा आधीच्या वर्षीचा होता, कर्ज देताना नवा लावायचा राहून गेला होता. वर्गीकरण बदललं नाही. क्वेरी मिटली, उतारा फाइलमध्ये लागला. मला थोडं ओशाळल्यासारखं वाटलं, तर परतीच्या गाडीत सर म्हणाले की प्रश्न बरोबर होता, उत्तर काय येईल ते आपल्या हातात नसतं. ती क्वेरी-शीट मी जपून ठेवली आहे.

अभ्यासाचं सांगायचं तर नियमाने आठवड्याचे ३५ तास असतात, सप्टेंबर आणि एप्रिलमध्ये ते पाळले जात नाहीत. त्या महिन्यांत अभ्यासाचं वेळापत्रक आखू नका, मोडलं की उगाच खचायला होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सहा ते नऊ बसले, तेवढ्यात फायनलचा एक विषय नीट झाला. आणि रोज संध्याकाळी पाच ओळींची डायरी लिहिली: आज काय तपासलं, काय अडलं, कुणाला विचारलं.

वर्ष पूर्ण झालं त्या १ ऑगस्टला आमच्याकडे दोन नवीन मुलं आली. त्यातल्या एकीने दुपारी तीनलाच खर्चाची फाइल संपवून माझ्या टेबलावर ठेवली. मी मधलं एक बिल काढलं आणि तिला शेजारची खुर्ची ओढून बसायला सांगितलं.