गावची शाळा, पंचायत आणि मैदान: भाडं न घेता अदलाबदलीचा करार कसा करायचा

गोव्यात बऱ्याच गावांत हेच दिसतं. शाळा दुपारी सुटते, वर्गांना कुलपं लागतात, मैदानाच्या गेटला साखळी पडते आणि संध्याकाळी त्याच वाड्यावरची मुलं रस्त्यावर चिरे ठेवून गोल करतात आणि फुटबॉल खेळतात. तिकडे पंचायतीचा हॉल लग्नाचा सीझन सोडला तर रिकामा, आणि शाळेकडे गॅदरिंगचा मंडप घालायला पैसे नाहीत. दोन्ही जागा लोकांच्याच पैशातून उभ्या राहिल्यात, मग एकमेकांना वापरायला द्यायला काय हरकत आहे? मला हे मनापासून वाटतं म्हणून नीट सविस्तर लिहितोय. पंच, मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघ, गावचा क्लब, ज्यांना हे करायचंय त्यांनी यातून आपल्याला लागेल ते उचलावं.

आधी थोडं बाहेरचं सांगतो, कारण ही कल्पना तिकडे चांगली रुळलेली आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शहराची नगरपालिका आणि स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) ही दोन वेगळी सरकारं असतात, डिस्ट्रिक्टचं बोर्ड वेगळं, पैसा वेगळा. त्यामुळे तिथे जॉइंट यूज अ‍ॅग्रीमेंट करतात. शहराची माणसं शाळेचं मैदान राखतात, गवत कापतात, पाणी मारतात, आणि बदल्यात शाळा सुटल्यावर ते मैदान शहराच्या लोकांना मिळतं. कॅलिफोर्नियात तर सिव्हिक सेंटर अ‍ॅक्ट नावाचा कायदाच आहे, शाळेच्या कामात अडथळा येत नसेल तर सार्वजनिक शाळांच्या इमारती आणि मैदानं लोकांच्या सभांना, कार्यक्रमांना वापरायला द्यायची तरतूद त्यात आहे.

आपल्याकडे स्कूल डिस्ट्रिक्ट नाही. सरकारी शाळा पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाखाली, अनुदानित शाळा संस्थेच्या ताब्यात पण पगार सरकारचा, आणि पंचायत १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याखाली. नगरपालिकांचा कायदा १९६८ चा आणि पणजी महापालिकेचा २००२ चा, तो वेगळाच. म्हणजे गाव एकच पण प्रत्येकाचा साहेब वेगळा, आणि खरी अडचण तिथेच आहे, इच्छा सगळ्यांची असते पण सही कोण करणार हे कुणालाच माहीत नसतं.

ऑफिसात कुणी "असं करता येत नाही" म्हटलं तर दोन गोष्टी हाताशी ठेवा. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे द्यायचे २९ विषय आहेत आणि त्यात प्राथमिक-माध्यमिक शिक्षण, वाचनालयं, सांस्कृतिक कार्यक्रम आणि सामुदायिक मालमत्तेची देखभाल हे सगळं आहे. दुसरं म्हणजे २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण, त्यात स्पष्ट लिहिलंय की शाळेची वापरात नसलेली जागा शिकवण्याच्या वेळेबाहेर गावाच्या उपक्रमांना वापरता येईल, त्याला सामाजिक चेतना केंद्र असं नावही दिलंय. त्या पानाची प्रिंट काढून अर्जाला जोडा. यामुळे परवानगी आपोआप मिळत नाही, पण फाईल टेबलावरून हलते.

पहिलं काम: जमीन कुणाची

हे सोडून बाकी काहीही आधी करू नका. सर्व्हे नंबर काढा आणि फॉर्म वन फोर्टीन, म्हणजे जमिनीचा उतारा, काढून बघा. शाळेचं मैदान म्हणून सगळा गाव जिथे खेळतो ती जागा कागदावर कोमुनिदादची (गावच्या जुन्या सामायिक जमिनीची संस्था) निघू शकते, देवस्थानची, चर्चची किंवा एखाद्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची पण. इमारत सरकारची आणि बाजूचा माळ दुसऱ्याचा, असंही असतं. मालक तिसराच असेल तर त्याची लेखी ना हरकत हवीच, नाहीतर पंचायतीने खर्च करून सपाटीकरण केलं आणि मग नोटीस आली की गावात वर्षभर तेच चालू राहतं. मालकाशी बोलताना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्हाला जागेवर कसलाही हक्क नको, फक्त ठरलेल्या वेळी वापरायची परवानगी हवीय.

करारातही हेच उतरलं पाहिजे. कागद लायसन्सचा असावा, लीजचा नको. लायसन्स म्हणजे निव्वळ वापराची परवानगी, त्यात जागेत हितसंबंध तयार होत नाही, लीजमध्ये होतो. वकिलाला एकदा कागद दाखवायचा तो यासाठीच.

सही कुणाची

सरकारी प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक आपल्या अधिकारात सही करू शकत नाहीत, त्यांच्यावर तो भार टाकूही नका. अर्ज तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर पाठवा आणि सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यामुळे तिचा ठराव म्हणजे पालकांचं म्हणणं झालं, त्याला वजन असतं. अनुदानित शाळेत मॅनेजर आणि संस्थेची कमिटी. चर्चच्या संस्थेची शाळा असेल तर तिथल्या फादरांना भेटा पण वरच्या सोसायटीची लेखी परवानगीही मागा.

पंचायतीच्या बाजूने पाक्षिक बैठकीत ठराव हवा. त्याआधी विषय ग्रामसभेत आणलात तर जास्त बरं, कारण "आमकां कोणें विचारलें?" हा प्रश्न तिथेच मिटतो. शहरात असाल तर कौन्सिलचा ठराव आणि मुख्याधिकाऱ्यांची सही.

काय द्यायचं, काय घ्यायचं

आता मुद्द्याचं. पैसे मधे आणू नका. भाडं घेतलं की पावती आली, ऑडिट आलं, रक्कम कुठल्या खात्यात भरायची ते आलं, आणि मग कुणीतरी जास्त भाडं देऊन लग्नासाठी मैदान मागणार. सेवेच्या बदल्यात वापर ठेवा. निवडताना एकच बघायचं, देणाऱ्याला जे जवळपास फुकट पडतं आणि घेणाऱ्याला जे महाग पडतं तेच अदलाबदलीत घाला.

उदाहरण घ्या. मे महिन्यात पावसाआधी पंचायत गावची गटारं साफ करतेच, माणसं आणि मशीन गावात आलेलीच असतात, शाळेच्या मागचं गटार त्याच कामात घातलं तर एखाद्या दिवसाचं काम वाढतं. कचऱ्याची गाडी तशीही शाळेवरूनच जाते, तिने गेटात थांबून सुका कचरा उचलला तर डिझेल काही वाढत नाही. चवथीच्या सुमारास मैदानात गुडघाभर गवत असतं, साप-विंचवाची भीती, तेव्हा पंचायतीच्या माणसाने ग्रासकटर फिरवला तर शाळेचा मोठा प्रश्न सुटतो. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेच्या निकषांत ३० पर्यंत मुलं असलेल्या सरकारी शाळेला वर्षाची कंपोझिट ग्रँट, म्हणजे किरकोळ खर्चाचं एकत्र अनुदान, १० हजार रुपये आहे, वीज-पाणी, खडू-डस्टर, डागडुजी सगळं त्यातच. अशा शाळेने गवत कशातून कापायचं?

शाळेकडून काय? संध्याकाळचं मैदान. रविवारी एखादा मोठा वर्ग किंवा हॉल, त्यात गावच्या मंडळाची नाटकाची तालीम, महिला मंडळाची बैठक, दहावीच्या मुलांना अभ्यासाला शांत जागा. उत्सवी नाटकाची तालीम करायला जागा मिळत नाही म्हणून कुणाच्या तरी बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर बसून तालमी होतात, आणि दोन मिनिटांवर शाळेचा हॉल कुलूपबंद, हे मला खरंच बघवत नाही. रवींद्र भवनासारखं सरकारी नाट्यगृह काही प्रत्येक गावात नाही. उलट दिशेनेही चालतं: शहरातल्या ज्या शाळेला मैदान नाही तिने पालिकेचं मैदान सकाळी पीटीला घ्यावं आणि संध्याकाळी आपले वर्ग पालिकेच्या वाचन उपक्रमाला द्यावेत.

दोन गोष्टी मात्र अदलाबदलीत कधीच घालू नका. शिक्षकांचा वेळ आणि मुलांची मेहनत. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावायला मनाई आहे. पंचायतीच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला पाचवीची मुलं, हे करारात तर नकोच, प्रत्यक्षातही नको.

हिशोब

पैसे द्यायचे नसले तरी किंमत लिहायचीच, नाहीतर दोन वर्षांनी दोघांनाही वाटतं की आपणच जास्त देतोय. वहीत दोन रकाने करा. समजा, आकडे निव्वळ उदाहरणाला, गवत दोनदा कापायला ८ हजार, गटार ५ हजार, वर्षभराचा कचरा ६ हजार, पंचायतीकडून झाले १९ हजार. शाळेकडून आठवड्याला ४ संध्याकाळी २-२ तास, पाऊस आणि परीक्षा वगळून ३० आठवडे, म्हणजे २४० तास मैदान. तासाला किती धरायचं ते दोघांनी बसून ठरवा, मैदानाची झीज, पाणी, शिपायाचा जादा वेळ हे धरून, बाजारभाव धरून नाही. फरक राहिला तर तो पुढच्या वर्षी कामातच फेडायचा, एखादी तुटलेली खिडकी, गेटला रंग, असं काहीतरी.

वेळापत्रक

शाळेचं काम आधी, हे पहिल्या ओळीत लिहा. परीक्षेचे दिवस वगळा, शाळा बोर्डाचं केंद्र असेल तर ते सगळे दिवस वगळा. निवडणुकीत शाळा मतदान केंद्र होते, तेव्हा दोघांचाही वापर बंद आणि त्याची भरपाई नाही. जून ते सप्टेंबर मैदान कुणी वापरायचं ते वेगळं ठरवा, चिखलात फुटबॉल खेळायची मजा मला मान्य आहे पण नंतर ते मैदान कडक होऊन खड्डे-खड्डे राहतात आणि नोव्हेंबरात छोट्या मुलांचे पाय मुरगळतात. आणि संध्याकाळचे सगळे दिवस क्रिकेटवाल्यांना देऊ नका. मुलींच्या सरावाला, म्हाताऱ्या माणसांच्या चालण्याला ठराविक तास राखून ठेवा, राखले नाहीत तर मिळत नाहीत.

जिथे भांडण होतं

शौचालय. माझ्या मते असे करार मोडतात ते याच्यावरून. सोमवारी सकाळी टीचर येतात आणि शौचालय घाण, पाण्याची टाकी रिकामी, दोनदा असं झालं की त्या परत कुलूप लावणार आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यामुळे रविवारी संध्याकाळी सफाई कुणी करायची, त्याला पैसे कोण देणार, टाकी कोण भरणार हे स्पष्ट लिहा. शक्य असेल तर बाहेरच्या लोकांसाठी एक वेगळं शौचालय, बाकीची बंद.

किल्ली दोघांकडेच, आणि रजिस्टरात वेळ टाकून सही. ऑफिस, कॉम्प्युटर आणि माध्यान्ह आहाराचं सामान ठेवलेली खोली कराराबाहेर. लाइट लावायचे तर वेगळा मीटर घ्या, त्याचं बील पंचायतीने भरायचं, शाळेच्या बिलात मिसळू नका. मोडतोड झाली तर त्या दिवशी ज्यांचा तास होता त्यांनी १५ दिवसांत दुरुस्त करून द्यायची. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर नाही, तो कायदाच आहे. कार्यक्रमाला आलेला विडी-सिगरेटचा गाडाही नको, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. दारू नाही, राजकीय सभा नाही, धंद्याचा कार्यक्रम नाही. मुलं शाळेत असताना बाहेरचं कुणी आवारात येणार नाही, हे तर ठळक अक्षरात. सराव घेणारा कोच कोण, त्याचं नाव-पत्ता शाळेकडे हवा.

कागद कसा लिहायचा

दोन पानं पुरतात. ठरावाचा मजकूर साधारण असा:

"ग्रामपंचायत आणि शाळा यांच्यात १ जून ते ३१ मे या एका वर्षासाठी सोबतच्या परिशिष्टाप्रमाणे सेवा आणि जागेच्या वापराची अदलाबदल करण्यास ही बैठक मान्यता देत आहे. या परवानगीमुळे कोणत्याही पक्षाला दुसऱ्याच्या जागेत हक्क प्राप्त होणार नाही. कोणीही भाडे आकारणार नाही. शाळेच्या कामास प्राधान्य राहील. कोणत्याही पक्षाला ३० दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल."

परिशिष्टात तीन तक्ते: कोण कुठली सेवा कधी देणार, कुठली जागा कुठल्या वारी कुठल्या वेळी, आणि दोन्हीकडच्या एकेका माणसाचं पद आणि फोन. सोबत मैदानाचे, शौचालयाचे, दारं-खिडक्यांचे तारखेसह फोटो, म्हणजे नंतर "हे आधीच मोडलं होतं" हा वाद नको. पहिलं वर्ष छोटं ठेवा, फक्त मैदान आणि गवत-कचरा. हॉल दुसऱ्या वर्षी.

मे महिन्यात नूतनीकरणाच्या आधी दोघांनी वही घेऊन बसायचं. कामं झाली का, तास किती वापरले, तक्रारी काय आल्या. पंचायत मंडळ पाच वर्षांनी बदलतं आणि मुख्याध्यापकांची बदली कधीही होते, म्हणून करारात माणसाचं नाव न घालता पद घालायचं, आणि नवीन मुख्याध्यापक रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात पंचायत सेक्रेटरीने जाऊन त्यांना कराराची प्रत द्यायची, किल्लीचं रजिस्टर दाखवायचं आणि चालू वर्षाचं कुठलं काम अजून व्हायचंय ते सांगून यायचं.