हॅनोव्हरला पेटी घेऊन जाणाऱ्यांसाठी

उद्योग संघटनेच्या दालनातून पहिल्यांदा हॅनोव्हर मेसेला, म्हणजे जर्मनीतल्या औद्योगिक प्रदर्शनाला, जाताय ना? पासपोर्ट, तिकिटं, गरम कपडे यांवर शब्द घालवत नाही. व्हिसासाठी तिकडचं निमंत्रण, संघटनेचं पत्र आणि किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. संघटनेचं ऑफिस त्याची आठवण करून करून जीव खातंच. संघटना जागा घेते, भेटी ठरवते, इंडो-जर्मन चेंबर या व्यापार मंडळाशी गाठ घालून देते. डेमोच्या यंत्राची पेटी कस्टममधून काढणं मात्र तुमचं काम, दुसऱ्या कुणाचं नाही.

त्यासाठी एटीए कार्नेट, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेण्याचा कस्टमचा दस्तऐवज. माल दाखवून परत आणायचा असेल तर तिकडची ड्यूटी न भरता नेता येतो. भारतात कार्नेट फिक्की ही उद्योगांची राष्ट्रीय संघटना देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. तारण द्यावं लागतं आणि बँकेला तुमच्या विमानाची घाई नसते, तेव्हा महिनाभर आधी लागा. यादीत प्रत्येक वस्तूचं नाव, सिरियल नंबर, वजन, किंमत. एकदा निघाल्यावर त्यात एक सेन्सरसुद्धा वाढवता येत नाही. पत्रकं, पेनं, वाटायच्या वस्तू त्यात घालू नका. परत येणार नाही ते कार्नेटवर जात नाही.

आता कार्नेटवरचे कस्टमचे शिक्के. मुंबईतून निघताना एक, जर्मनीत उतरल्यावर दुसरा, जर्मनी सोडताना तिसरा, मुंबईत परतल्यावर चौथा. इथले पिवळ्या पानावर, तिथले पांढऱ्या. तिसरा विसरतात. मागच्या वेळी मीच विसरलो: पेटी पट्ट्यावरून आत गेली आणि कार्नेट हातातच. पुढे ड्यूटीची मागणी आली, आणि माल परत आलाय हे पटवण्यात महिने गेले. कस्टमला कागद नुसता चालत नाही, पेटी समोर लागते. म्हणून परतीच्या दिवशी विमानतळावर लवकर पोचा, आधी कस्टम, मगच पेटी आत सोडा. जाताना फ्रँकफर्टला हिरव्या वाटेनं (जाहीर करण्यासारखं काही नाही) ऐटीत बाहेर पडू नका, लाल वाट (माल जाहीर करायचाय) धरा. दुसरा शिक्का नसेल तर तिसरा कशावर मारणार? आणि तिसरा घ्या. हो, पुन्हा सांगतोय.

सीई मार्क, म्हणजे यंत्र युरोपच्या नियमात बसतं ही खूण, अजून नसेल तर घाबरू नका. यंत्र दाखवता येतं, पण ते नियमात बसेपर्यंत विक्रीला नाही अशी ठळक पाटी शेजारी हवी. वायफाय किंवा ब्लूटूथ असेल तर जास्त तयारीनं जा: इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांना 1 ऑगस्ट 2025 पासून सायबर सुरक्षेच्या अटीही लागू आहेत आणि जर्मन खरेदीदार त्यावरच बोट ठेवतो. 'आमचं चालू आहे' या उत्तरावर तिथे कुणी पुढे बोलत नाही. कुठली चाचणी, कुठल्या लॅबमध्ये, कधी, ते तोंडपाठ ठेवा.

खोली आत्ताच घ्या. मेसेच्या आठवड्यात हॅनोव्हरचे दर ऐकवत नाहीत. हिल्डेसहाइम किंवा ब्राउनश्वाइगला राहून रेल्वेनं या.

बाकी भराभर. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. कार्डं भरपूर. कुणाचा ईमेल घेतलात तर कशासाठी ते सांगा, जीडीपीआर हा युरोपचा खासगी माहिती जपण्याचा कायदा आहे. परतल्यावर आठवड्यात उत्तरं पाठवा. तिसरा शिक्का. मुंबईत चौथा, मग मूळ कार्नेट फिक्कीला परत द्या, त्याशिवाय तारण सुटत नाही.