धातू गाळणाऱ्या कारखान्याजवळच्या मातीत जड धातू आहेत का, हे कसे तपासावे

शिसे, जस्त, तांबे यांची धातुके गाळताना धुराड्यातून आणि उघड्या ढिगांवरून उडणारी धूळ आसपासच्या जमिनीवर बसते. सेंद्रिय प्रदूषके कालांतराने कुजतात किंवा विघटित होतात, धातूंचे तसे होत नाही. त्यामुळे कारखाना बंद पडला म्हणून माती स्वच्छ झाली, असे समजू नये. अमेरिकेतील पामरटन येथे 1898 मध्ये सुरू झालेले जस्त गाळण्याचे काम 1980 मध्ये थांबले, तरी शेजारच्या डोंगरउतारावर पुन्हा हिरवळ यावी म्हणून त्यानंतर अनेक वर्षे खटपट करावी लागली.

तपासणीची सुरुवात नकाशापासून करावी. वर्षातील बहुतेक काळ वारा ज्या दिशेकडे वाहतो, त्या दिशेला नमुन्यांची मुख्य रांग आखावी आणि धुराड्यापासून साधारण 250 मीटर, 500 मीटर, 1, 2 व 4 किलोमीटर अशी अंतरे धरावीत, कारण धूळ जवळ दाट पडते आणि पुढे झपाट्याने विरळ होते. वाऱ्याच्या उलट बाजूला, बऱ्याच लांबवर, तुलनेसाठी एक जागा अवश्य निवडावी. जुन्या घराच्या भिंतीलगत रंगातले शिसे आणि रस्त्याच्या कडेला जुन्या पेट्रोलमधले शिसे सापडते. तेथील माती घेतल्यास दोष कारखान्याच्या माथी चुकीने बसेल.

खोलीच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात. पिकासाठी माती परीक्षण करताना वरचा 20 सेंटिमीटरचा थर एकत्र घेण्याची पद्धत आहे, पण येथे ती दिशाभूल करते. समजा, वरच्या 2 सेंटिमीटरमध्ये किलोमागे 800 मिलिग्रॅम शिसे आहे आणि खालच्या 18 सेंटिमीटरमध्ये केवळ 20. दोन्ही थर मिसळले की अहवालात सुमारे 98 हा निरुपद्रवी वाटणारा आकडा येतो, आणि मूल मात्र खेळते वरच्या 2 सेंटिमीटरवर. म्हणून न नांगरलेल्या जागी वरचा थर वेगळा, मुळांचा थर वेगळा आणि सुमारे अर्ध्या मीटरवरची माती वेगळी घ्यावी. शिसे बहुधा वरच अडकून राहते. त्यामुळे वर जास्त व खाली कमी असा फरक दिसला, तर धातू मूळ खडकातून नव्हे, हवेतून आला असण्याची शक्यता बळावते. नांगरलेल्या शेतात हा पुरावा पुसला गेलेला असतो.

प्रत्येक जागी पाच ते दहा ठिकाणची माती प्लास्टिकच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या खुरप्याने घ्यावी; जस्ताचा मुलामा असलेले घमेले किंवा फावडे वापरू नये, कारण तेच जस्त नमुन्यात उतरते. माती मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन काढून टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. नमुना सावलीत वाळवावा. शक्य असल्यास बारीक चाळणीतून गेलेला भाग वेगळा तपासून घ्यावा, कारण हाताला चिकटून पोटात जाते ती हीच बारीक माती.

प्रयोगशाळेत माती अम्लराजात (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून मोजणी करावी, असे स्पष्टपणे सांगावे आणि सामूही (pH, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे हे दाखवणारा आकडा) मागावा. हातात धरायचे क्ष-किरण यंत्र जागेवरच आकडे देते, ते उपयोगी आहे. मात्र माती ओली असल्यास ते कमी दाखवते, कॅडमियम या विषारी धातूचे अल्प प्रमाण त्याला कळत नाही, आणि शिसे व आर्सेनिक यांच्या मुख्य क्ष-किरण रेषा (ज्यांवरून यंत्र मूलद्रव्य ओळखते) जवळजवळ एकाच ठिकाणी येत असल्याने शिसे भरपूर असताना आर्सेनिकच्या आकड्यावर विसंबू नये.

अहवालातील आकडा आधी तुलनेच्या जागेशी ताडून पाहावा, मग देशातील मर्यादेशी. मर्यादाही बदलतात: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी मातीतील शिशासाठी 1994 पासून धरलेली किलोमागे 400 मिलिग्रॅमची पातळी जानेवारी 2024 मध्ये 200 वर आणली. माती तीच राहिली, तिच्याविषयीचा निष्कर्ष बदलला.

प्रदूषण आढळल्यास उघडी माती प्रथम गवताने किंवा आच्छादनाने झाकावी आणि पालेभाज्या स्वच्छ माती भरलेल्या उंच वाफ्यात घ्याव्यात, कारण पाने कॅडमियम सहज शोषतात. धातू शोषणाऱ्या वनस्पतींचे कौतुक फार होते, पण त्यांना अनेक वर्षे लागतात आणि कापलेला पाला पुन्हा विल्हेवाटीचा प्रश्न होऊन बसतो. आम्लधर्मी मातीत चुना घालून सामू 6.5 च्या वर नेल्यास पिकात जाणारे कॅडमियम व जस्त घटते. आर्सेनिकच्या बाबतीत चुना उलटही पडू शकतो, म्हणून त्याचा आकडा हाती येण्यापूर्वी चुना टाकू नये. चुन्याचा परिणाम हळूहळू ओसरतो. त्यामुळे त्याच खुणा केलेल्या जागांवर सामू ठरावीक काळाने पुन्हा मोजावा.